स्टेशनचं मोठं छप्पर बांधताय? या चुका टाळा

स्टेशनच्या छपराचं चित्र समोर आलं की सगळे कमानीकडे बघतात. घोटाळा मात्र बहुतेक वेळा जोडात किंवा पन्हळीत निघतो.

कमान पाय फाकवते. ते बांधायला डोक्यावर सळया ताणल्या की झालं, असं धरून चालू नका. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला (1868) इंजिनिअर विल्यम बार्लोने हे काम फलाटाखालच्या तुळयांकडून करून घेतलं. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, सुमारे 73 मीटर, पण मध्ये खांब नाही की सळई नाही. फलाटाखाली बिअरची पिंपं ठेवायची होती, म्हणून तिथल्या खांबांची अंतरंही पिंपांच्या हिशेबाने ठरली!

सळया घालायच्याच असतील, तर एक तुटली तरी बाकीच्या तग धरतील असं बघा. लंडनच्याच चेरिंग क्रॉस स्टेशनला 5 डिसेंबर 1905 रोजी एकच सळई तुटली. दोष जोडाच्या पोटात होता, चाळीस वर्षं बाहेरून दिसला नाही. त्यात दुरुस्तीची परांची वर चढवलेली. आधी मोठा आवाज झाला, छप्पर खचलं आणि साधारण 12 मिनिटांनी कोसळलं. तेवढ्या वेळात माणसं हलवली, तरी 6 जण गेले. भिंत शेजारच्या थिएटरवर पडली होती. परांचीचं वजन पहिल्याच हिशेबात धरा.

‘जड आहे, हलणार नाही’ हेही खरं नाही. जानेवारी 2007 च्या वादळात बर्लिनच्या नव्याकोऱ्या मुख्य स्टेशनच्या दर्शनी भागातली टनाहून जड तुळई खाली आली. ती नुसती टेकवलेली होती.

दुपारच्या उन्हात एकाच ओळीतल्या काचा पुन्हापुन्हा तडकतात? नुसत्या काचा बदलू नका. तापमानात 40 अंशांचा फरक पडला की 200 मीटर पोलाद सुमारे 96 मिलिमीटर वाढतं. या वाढीला जागा देणारा सरकता जोड रंगाने किंवा गंजाने अडकलाय का, ते आधी बघा.

आता पाणी. तासाला 100 मिलिमीटर पाऊस, 5000 चौरस मीटर छप्पर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 140 लिटर. आपल्याकडच्या पावसात हा आकडा कागदावरचा नाही. गळती जिथे टपकते तिथेच भोक असेल असं नाही. पाणी पत्र्याखालच्या आडव्या तुळईवरून लांबवर वाहत येतं. सीलंटचा डबा उघडण्याआधी पन्हळीचं तोंड तपासा. कबुतराचं घरटं बहुधा तिथेच सापडतं. आणि तिथवर चालत जायची वाट मूळ नकाशातच ठेवा, नाहीतर ते काढायला पुन्हा परांची बांधावी लागेल.