अमेरिकी ट्रेझरीचे दर डाउनलोड करण्याआधी

टर्मिनल (संगणकाला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी) नंतर उघडा. आधी कागदावर लिहा: मला नेमका कोणता दर हवाय? अमेरिकी ट्रेझरी, म्हणजे तिथलं अर्थखातं, सरकारी रोख्यांच्या दरांचा रोज एकच तक्ता काढत नाही. यील्ड कर्व्हचा (वेगवेगळ्या मुदतींच्या रोख्यांवरच्या परताव्याचा) वेगळा, महागाई वगळून उरणाऱ्या दरांचा वेगळा, ट्रेझरी बिलांचा (वर्षभरापर्यंतच्या मुदतीच्या रोख्यांचा) आणखी वेगळा. बिलांच्या तक्त्यात तर एकाच बिलाचे दोन दर शेजारीशेजारी बसलेले असतात. डिस्काउंट पद्धतीचा दर वर्ष ३६० दिवसांचं धरतो आणि दर्शनी किमतीवर, म्हणजे मुदतीअखेर मिळणाऱ्या रकमेवर, काढतात. कूपन इक्विव्हॅलंट खरेदीच्या किमतीवर, पूर्ण वर्ष धरून. कूपन इक्विव्हॅलंटऐवजी डिस्काउंटचा रकाना उचललात तरी डाउनलोडचं टूल कुरकुर करणार नाही. आकडा जरासा कमी येईल, म्हणूनच चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

यील्ड कर्व्हचा तक्ता १९९० पासूनचा आहे. त्यामागचं हवं असेल तर सेंट लुइस फेडचं (अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेचं) फ्रेड हे आकडेवारीचं संकेतस्थळ गाठा. दहा वर्षांच्या रोख्याची डीजीएस१० ही मालिका तिथे १९६२ पासून मिळते. एपीआय (प्रोग्रॅममधून थेट आकडे मागवायची सोय) वापरणार असाल तर की, म्हणजे त्यासाठीचा खासगी संकेतांक, आधीच काढून ठेवा, फुकट मिळते. ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (संगणकाच्या सेटिंगमध्ये) ठेवा, स्क्रिप्टमध्ये नको. आज घरगुती वाटणारी स्क्रिप्ट उद्या गिटवर, म्हणजे कोड इतरांशी वाटायच्या जागी, जातेच.

आता रिकाम्या जागा. एक महिन्याचा दर जुलै २००१ अखेरीस सुरू झाला, दोन महिन्यांचा ऑक्टोबर २०१८ मध्ये, चार महिन्यांचा ऑक्टोबर २०२२ मध्ये. तीस वर्षांचा दर तर फेब्रुवारी २००२ ते फेब्रुवारी २००६ गायबच आहे. फ्रेडचं एपीआय अशा जागी नुसता टिंब देतं. मी एकदा सगळ्या रिकाम्या जागा शून्याने भरल्या आणि तीस वर्षांच्या दराची सरासरी इतकी खाली आली की आधी मला त्यात काहीतरी शोध लागल्यासारखं वाटलं! रिकामं ते रिकामंच राहू द्या.

रकाने मोजून नव्हे, नावाने वाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक आणि दोन महिन्यांच्या मधोमध दीड महिन्याचा रकाना आला, त्यामुळे ‘दुसरा रकाना म्हणजे दोन महिने’ हे गणित तिथून पुढे चुकतं. तारखाही बघून घ्या: ट्रेझरीच्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलीत) महिना आधी, दिवस नंतर.

सुट्ट्यांसाठी शेअर बाजाराचं कॅलेंडर चालणार नाही. कोलंबस डेला (ऑक्टोबरातली अमेरिकी सुट्टी) शेअर बाजार उघडा असतो, रोखेबाजार बंद. दर न्यूयॉर्कच्या दुपारी साडेतीनच्या सुमाराच्या भावांवरून ठरतात, तेव्हा क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवायची सोय) न्यूयॉर्कच्या संध्याकाळनंतरचा लावा, आणि वेळ त्याच टाइमझोनमध्ये लिहा. नाहीतर तिथली घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे झाली की तुमचं वेळापत्रक तासाने सरकेल.

फाइलीतला ४.२५ हा टक्का आहे, ०.०४२५ नव्हे, आणि तोही सहामाही चक्रवाढीचा. वार्षिक केलात तर ४.३० च्या आसपास जातो. ६ डिसेंबर २०२१ पासून कर्व्ह काढायची पद्धतही बदलली, तेवढी एक ओळ डेटाशेजारच्या टिपण-फाइलीत टाका.

पहिल्या खेपेला सगळी वर्षं मागू नका. एकच वर्ष उतरवा, मूळ फाइल न बदलता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्यातली कोणतीही एक तारीख ट्रेझरीच्या पानाशी डोळ्यांनी ताडून पाहा.