घरच्या वर्कशॉपसाठी छोटा जुना लेथ घेताना
बेडवर (लेथच्या लांब सरळ पायावर) १८० मिमी स्विंग (फिरू शकणाऱ्या जॉबचा, म्हणजे घडवायच्या तुकड्याचा, कमाल व्यास) म्हणजे तेवढ्या जाडीचा लांब जॉब टर्न होईल असं नव्हे. क्रॉस स्लाइडवरून (हत्यार आडवं सरकवणारा भाग) जेमतेम ११० मिमी मिळतात. स्पिंडलचं (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचं) भोक २० मिमी असेल तर २५ चा बार आत जाणार नाही.

नव्या रंगाला भुलू नका. सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार वाहणारा भाग) चकजवळ (जॉब पकडणाऱ्या जबड्यांजवळ) आणून जिबचे (ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू ढिलाई जाईपर्यंत आवळा, मग टेलस्टॉककडे (चकसमोरच्या टोकाला) सरकवा. तिकडे जड झालं, तर बेड चकजवळ झिजलाय. तो ग्राइंड करणं लेथपेक्षा महाग पडू शकतं.

स्पिंडलच्या टेपरमध्ये (तोंडाच्या निमुळत्या भोकात) डायल (सूक्ष्म फरक दाखवणारा गेज) लावून स्पिंडल हाताने फिरवा, ०.०१ मिमीपर्यंत फरक ठीक. चकवर मोजलंत तर चकचीच चूक दिसेल. क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश (हँडल उलट फिरवताना वाया जाणारी मोकळी फिरकी) बहुधा नट बदलून कमी होतो. त्यावरून भाव खुशाल पाडा. मोटर थ्री फेज असेल तर व्हीएफडीचा (ती घरच्या सिंगल फेजवर चालवणाऱ्या उपकरणाचा) खर्च धरा.