60 माणसांचा सामुदायिक सेदेर कसा करावा: पेसाखची तयारी, स्वयंपाकघरापासून हगादापर्यंत

पेसाख म्हणजे वल्हांडण सण निसान महिन्याच्या 15 तारखेला सुरू होतो. यहुदी दिवस संध्याकाळी लागत असल्याने पहिला सेदेर (मिसरच्या गुलामीतून सुटकेची कथा सांगत केलेले विधीचे जेवण) 14 निसानच्या दिवसानंतर येणाऱ्या रात्री होतो. 2027 मध्ये ती रात्र बुधवार, 21 एप्रिलची आहे. इस्राएलबाहेर सेदेर दोन रात्री करतात आणि सण 8 दिवस पाळतात. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथल्या बेने इस्राएल (कोकणातल्या जुन्या यहुदी समाजाच्या) कुटुंबांतली तरुण मंडळी परदेशी गेली की घरी दोघे-तिघेच उरतात. अशांसाठी सिनगॉगच्या (यहुदी प्रार्थनामंदिराच्या) सभागृहातला सेदेर फार मोलाचा असतो. इथली मापे 60 माणसांची आहेत.

चार आठवडे आधी: वाचनाचे वर्ग

सुरुवात हगादापासून, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीपासून करा. मेनूचे नंतर बघता येते. मराठी अर्थासह हगादा मुंबईत 1846 साली छापला गेला, तर पुण्याची सचित्र आवृत्ती 1874 ची. आपल्या भाषेत निर्गमाची म्हणजे त्या सुटकेची कथा सांगण्याची परंपरा एवढी जुनी असताना नुसते हिब्रू घाईघाईने वाचून मोकळे होणे बरे नाही. आठवड्याला एक तासाचा वर्ग घ्या. पहिल्या वर्गात सेदेरचे 15 टप्पे क्रमाने समजावून सांगा आणि दुसऱ्यात ‘मा निश्ताना’चे (‘ही रात्र वेगळी का?’ हे) प्रश्न मुलांकडून चालीवर म्हणवून घ्या. उरलेल्या दोन वर्गांत प्रत्येक कुटुंबाला एकेक उतारा वाटून द्या. तो त्यांनी हिब्रूत किंवा देवनागरी लिप्यंतरात वाचावा आणि अर्थ मराठीत सांगावा. वाटणी लेखी असू द्या. ऐनवेळी ‘कोण वाचतंय?’ असे विचारत बसले की 20 मिनिटे सहज जातात.

सेदेरला प्यायच्या चारही प्याल्यांवर द्राक्षारसाचा आशीर्वाद म्हणायचा की सेफार्दी पद्धतीने फक्त पहिल्या आणि तिसऱ्यावर, हे हज्जानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) आधीच विचारून ठेवा.

तीन आठवडे आधी: शिधावाटप

पेसाखआधी गरजूंना सणाचा शिधा पोहोचवणे ही जुनी जबाबदारी आहे. एकट्या वृद्धांची यादी करा. प्रत्येक पिशवीत मात्सांची (न आंबवलेल्या पातळ भाकऱ्यांची) 2 पाकिटे, निवडलेला तांदूळ 2 किलो, खजुराचा पाक पाव किलो, द्राक्षरसाची बाटली आणि मोठ्या अक्षरांतला हगादा असू द्या. पिशवी सणाच्या निदान 4 दिवस आधी पोहोचायला हवी, कारण त्यांनाही घर साफ करून जुने सामान बाजूला काढायचे असते. स्वयंसेवकाने पिशवी दारात ठेवून परत फिरू नये. माळ्यावरचे डबे उतरवायला, फ्रीज पुसायला हात लावावा. वयस्कर माणसाला खरी अडचण तिथेच असते.

हामेत्स कुठे लपतो

गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांचे पाणी लागून आंबलेले काहीही म्हणजे हामेत्स, ते या 8 दिवसांत चालत नाही. पाव, बिस्किटे, शेवया, रवा सगळ्यांच्या लक्षात असतात. सुटतो तो हिंग. बाजारातल्या डबीबंद हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि तोच हिंग तयार मसाल्यांत व लोणच्यांत जातो. म्हणून मसाला अख्खा आणून घरी भाजून कुटा. सोया सॉस आणि माल्ट व्हिनेगरही बाद.

बेने इस्राएल घरांत पेसाखला भात चालतो, पण तांदूळ तीन वेळा निवडायचा. दोन-तीन जणींनी दिवसा उजेडात, पांढऱ्या कापडावर मूठमूठ पसरून निवडला की गव्हाचा चुकार दाणा लगेच दिसतो. एका बैठकीत घाईने तीनदा निवडण्यापेक्षा प्रत्येक वेळी माणूस बदला, थकलेल्या डोळ्याला तोच दाणा पुन्हा दिसत नाही. तांदळाच्या भाकऱ्या करायच्या असतील तर पीठ नेहमीच्या गिरणीतून आणू नका, जात्यात आधीच्या गव्हाचे पीठ राहिलेले असते. निवडलेला तांदूळ पेसाखसाठी राखलेल्या मिक्सरवर दळा.

मांडववाल्याची भाड्याची पातेली घेणार असाल तर ती दोन दिवस आधीच ताब्यात घ्या. स्टीलचे भांडे घासून 24 तास न वापरता ठेवतात, मग काठोकाठ पाणी भरून उकळी वर ओसंडेपर्यंत तापवतात आणि थंड पाण्याने धुतात. मातीची भांडी अशी शुद्ध होत नाहीत, नवीच आणावी लागतात.

मनुकांचे सरबत, खजूर, पाला

प्याला किमान 86 मिलिलिटरचा धरतात. चार प्याले गुणिले 60 माणसे म्हणजे जवळपास 21 लिटर. द्राक्षारसाऐवजी मनुकांचे सरबत करणार असाल तर 6 किलो काळ्या मनुका आणि 24 लिटर पाणी घ्या. मनुका चिमटीत दाबली की ओलावा जाणवला पाहिजे, कोरड्याठाक मनुकेचे सरबत किद्दुशला (प्याल्यावरच्या सणाच्या आशीर्वादाला) चालत नाही. त्या धुऊन 24 तास फ्रीजमध्ये भिजत ठेवा, हाताने कुस्करा आणि मलमलीतून पिळून गाळा. एप्रिलच्या उकाड्यात हे बाहेर ठेवले तर फसफसून चव जाते. उकळत बसू नका, आशीर्वादाबद्दल मतभेद निघतात.

हारोसेतसाठी (सेदेरच्या गोड पाकासाठी) 2 किलो बिया काढलेला खजूर 4 तास भिजवा, मऊ शिजवा, फडक्यात पिळा आणि पाक मंद आचेवर आटवा. शेवटची 15 मिनिटे ढवळणे थांबवू नका, तळाला लागला की सगळ्या पाकाला करपट वास येतो. अक्रोडाची भरड वाढताना वरून घाला.

मारोरसाठी (विधीच्या कडू पाल्यासाठी) लांब पानांचे लेट्युस माणशी 3 मोठी पाने धरा. मिठाच्या पाण्यात 10 मिनिटे बुडवून प्रत्येक पान उजेडासमोर धरून बघा. बारीक मावा शिरेच्या कडेला चिकटलेला असतो. हे काम चार जणांना दीड तास पुरते. मात्सा माणशी 3 धरा आणि देखरेखीखाली भाजलेल्याच घ्या. बाजारातला मैदा आणून सभागृहात मात्सा लाटू नका: मोठ्या गिरण्यांत गहू दळण्याआधी ओलवतात, मग पाणी लागल्यापासून 18 मिनिटांत भाजण्याचा नियम पाळूनही उपयोग नसतो.

जेवण साधे ठेवा. नारळाच्या दुधातला कोंबडीचा किंवा मटणाचा रस्सा आणि भात पुरे. भाजलेले मटण या रात्री टाळतात.

आदला दिवस आणि ती रात्र

आदल्या रात्री, म्हणजे मंगळवारी, मेणबत्ती घेऊन हामेत्सचा शोध घ्या. बुधवारी सकाळी 10 नंतर पाव-चपाती खाऊ नका आणि 11 पर्यंत उरलेला हामेत्स जाळा. थोरल्या मुलग्यांचा उपवास असतो. सकाळच्या प्रार्थनेनंतर एखादा अभ्यासग्रंथ पूर्ण करण्याची बैठक ठेवली की त्यात बसलेल्यांना उपवास सोडता येतो. 2027 मध्ये सणाचे पहिले दोन दिवस गुरुवार-शुक्रवार असून लगेच शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लागतो. म्हणून बुधवारी सूर्यास्तापूर्वी एक मात्सा आणि एक उकडलेले अंडे बाजूला ठेवून एरुव तवशिलीन हा विधी करा, नाहीतर शुक्रवारी शब्बाथचा स्वयंपाक करता येणार नाही.

सण लागल्यावर पैसे, लेखन, फोटो, वाहनप्रवास चालत नाही, म्हणून वर्गणी, नोंदणी, फोटो सगळे सूर्यास्ताआधी उरका. लांबून येणाऱ्यांची झोपण्याची सोय जवळपास करा.

मुंबई परिसरात तेव्हा सूर्यास्त 7 च्या सुमारास होतो. आर्वीत (संध्याकाळची प्रार्थना) आणि हालेल (स्तुतिस्तोत्रे) संपवून 7.45 ला किद्दुश सुरू करा. हगादाची कथा 50 मिनिटांत बसवा आणि 9 च्या आत पाने वाढा. सामुदायिक सेदेर बिघडतो तो इथेच: कथा लांबते, मुले पेंगतात, रस्सा गार होतो. हात धुवायला एकच नळ असेल तर 60 माणसांची रांग लागते, तेव्हा टेबलागणिक तांब्या आणि घंगाळ ठेवा. प्रत्येक टेबलाला मात्सा, मारोर, हारोसेत आणि मिठाचे पाणी वेगळे द्या. आफिकोमान (जेवणाच्या शेवटी खायचा लपवलेला मात्साचा तुकडा) मध्यरात्रीआधी (सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधल्या वेळेआधी), म्हणजे इथे साधारण 12.35 च्या आत खायचा असला तरी 10.30 चे लक्ष्य ठेवा. मुलांनी तो शोधून आणायचा तर ती जागी हवीत.

दुसऱ्या सेदेरची टेबले सणाच्या पहिल्या दिवशी मांडता येत नाहीत, रात्र पडल्यावरच सुरुवात करायची. त्यामुळे पाला बुधवारीच दुप्पट तपासून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. ओमेरची (पेसाख ते शाबुओथ सणापर्यंतच्या दिवसांची) मोजणीही त्याच दुसऱ्या रात्री सुरू होते. 49 दिवसांचा तक्ता आधीच छापून घरोघरी द्या आणि शाबुओथच्या रात्री अभ्यासाला कोण बसणार त्यांची नावे सण संपल्यावर लगेच लिहून घ्या.