फोन रात्रभर नुसता पडून असतो, तरी चार्जिंग का उतरतं? चार रात्रींत शोधा

आईचा फोन रात्री दहाला ८० टक्के असायचा आणि सकाळी सहाला ५२. मधल्या आठ तासांत त्याला कुणी हात लावलेला नसे. देवरुखजवळचं आमचं घर जुनं, भिंती चिऱ्याच्या आणि जाड. फोन रात्री माजघरातल्या फळीवर. झोपताना ती न चुकता नेट बंद करायची, कारण नेटनं चार्जिंग जातं हे तिला ठाऊक होतं. ते खोटं नाही. पण नेट बंद करूनही २८ टक्के जात होते, तेव्हा कारण वेगळंच असणार. ते शोधायला चार रात्री लागल्या. कुठलंही अ‍ॅप घालावं लागलं नाही; एक वही आणि थोडा धीर पुरला. तीच पद्धत इथे सविस्तर देतो आहे.

झोपलेला फोन काय करत असतो

स्क्रीन बंद झाली तरी फोन पूर्ण झोपत नाही. तुम्हाला कॉल आला तर कळायला हवा, म्हणून तो टॉवरची हाक ऐकायला ठरावीक वेळानं जागा होतो. ४जीवर हे बहुतेक ठिकाणी दर सव्वा सेकंदाच्या आसपास घडतं. कान टवकारायचे, हाक नाही असं दिसलं की पुन्हा डोळे मिटायचे. रेंज चांगली असेल तर याला फार वीज लागत नाही.

वायफायचंही असंच असतं. घरातला राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' असा छोटा संदेश सोडतो, आणि झोपलेला फोन त्यातले मोजकेच ऐकतो. राउटर चार-पाच मीटरवर असतो, टॉवर अर्ध्या-एक किलोमीटरवर किंवा त्याहून लांब. एकाशी कुजबुजून भागतं, दुसऱ्याला हाळी द्यावी लागते. ४जी फोनला जास्तीत जास्त सुमारे २०० मिलिवॉटपर्यंत जोर लावता येतो. टॉवर जवळ असेल तर यातला अगदी थोडा भाग पुरतो. रेंज कमी झाली की फोन त्या टोकाकडे सरकू लागतो.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. मोबाइल नेटवर एखादा चिमुकला संदेश आला, तरी फोनचा रेडिओ तो घेऊन लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून तो काही सेकंद, पुष्कळदा दहाच्या आसपास, जागाच राहतो. एका कप चहासाठी बंब पेटवल्यासारखं हे आहे: पाणी कपभर, पण बंब तापायचा तेवढा तापणारच. म्हणून रात्रभरात सुटेसुटे आलेले चाळीस संदेश एकदम आलेल्या चाळीस संदेशांपेक्षा खूप महाग पडतात. वायफाय असं रेंगाळत नाही, काम झालं की चटकन झोपतं.

यावरून रोजच्या एका सवयीचं उत्तर मिळतं. घरात वायफाय असेल, तर बॅटरी वाचवायला रात्री वायफाय बंद करून मोबाइल नेट चालू ठेवू नका. तेच संदेश मग महागड्या वाटेनं येतात.

चार रात्रींची चाचणी

रोज रात्री ठरावीक वेळी, शक्यतो चार्जिंग ७० ते ९० टक्क्यांच्या मध्ये असताना, फोन चार्जरवरून काढा, नेहमीच्या जागी ठेवा आणि टक्का वहीत लिहा. मध्ये उठून पाहू नका; स्क्रीन पेटली की हिशेब बिघडतो. सकाळी ठरावीक वेळी पुन्हा टक्का लिहा. फोन उशीखाली ठेवू नका. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्थिर पडलेल्या फोनला गाढ झोपवण्याची सोय आहे; कुशीवर वळताना फोन हलत राहिला की त्या झोपेत खंड पडतो.

पहिली रात्र: काहीही बदलू नका. रोज जसं असतं तसं.

दुसरी रात्र: फ्लाइट मोड, वायफाय आणि ब्लूटूथही बंद. या रात्री कॉल येणार नाहीत, तेव्हा घरात आजारी माणूस असेल किंवा कुणी प्रवासात असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी फोन चालू असू द्या. आईची हीच काळजी होती. मी माझा फोन चालू ठेवून पडवीत झोपलो, तेव्हा ती तयार झाली.

तिसरी रात्र: फ्लाइट मोड ठेवून फक्त वायफाय चालू.

चौथी रात्र: फ्लाइट मोड काढा, वायफाय बंद, मोबाइल नेट चालू.

दुसऱ्या रात्रीचा आकडा तुमचा पाया. त्यात जे गेलं त्याचा नेटवर्कशी संबंध नाही. तिसऱ्या रात्रीतून तो वजा करा, वायफायचा वाटा मिळेल. चौथ्या रात्रीतून वजा करा, मोबाइल नेटवर्कचा मिळेल. एक-दोन टक्क्यांच्या फरकावर काही ठरवू नका, कारण फोनचा टक्का तेवढा काटेकोर नसतो. शंका आली तर ती रात्र पुन्हा करा. आयफोनवर चाचणी करताना वायफाय सेटिंग्जमध्ये जाऊनच बंद करा: स्क्रीनवर ओढून येणाऱ्या बटणानं ते नुसतं तुटतं, बंद होत नाही.

अंदाजासाठी: ५००० एमएएचच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ५० एमएएच. आठ तासांत ८ टक्के गेले तर दर तासाला सरासरी ५० एमएएच ओढले गेले. माझ्या अनुभवात धडधाकट फोन फ्लाइट मोडवर रात्रीत दोन-तीन टक्के खातो आणि चांगल्या नेटवर्कवर पाच-सहा. फ्लाइट मोडवरही १०-१५ टक्के जात असतील, तर नेटवर्कमागे लागू नका. एखादं अ‍ॅप अडकलेलं आहे किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे.

मोबाइल नेटवर्क खात असेल तर

आईच्या घरी वायफाय नाही, त्यामुळे तिसरी आणि चौथी रात्र आम्ही वेगळी वापरली. फ्लाइट मोडच्या रात्री ८० चे ७७ झाले. म्हणजे २८ पैकी २५ टक्के नेटवर्क खात होतं, आणि तेही नेट बंद असताना! तिच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एक रोजचं, दुसरं जुन्या नंबरचं, बँकेच्या खात्याला जोडलेलं म्हणून ठेवलेलं. त्या दुसऱ्या कंपनीची रेंज आमच्या वाडीत धड नाही. एक दांडा दिसतो, जातो, पुन्हा दिसतो. असं लुकलुकणारं सिम सगळ्यात वाईट. रेंज मुळीच नसेल तर फोन काही वेळानं शोध विरळ करतो. पण मध्येच दांडा दिसला की तो धावत जाऊन टॉवरवर नोंदणी करतो, तेवढ्यात रेंज जाते आणि शोध नव्यानं सुरू होतो. रात्रभर हेच. नेट बंद केल्यानं यात काडीचाही फरक पडत नाही, कारण हा शोध नेटसाठी नसून सिमसाठी असतो.

तिसऱ्या रात्री ते सिम सेटिंग्जमधून बंद केलं, काढलं नाही. सकाळी ६६ टक्के. चौथ्या रात्री फोन माजघरातून उचलून पडवीतल्या खिडकीत ठेवला. सकाळी ७५.

तेव्हा करायची कामं याच क्रमानं करा.

आधी रेंज मोजा. दांड्यांवर जाऊ नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये 'सिम स्टेटस' असतं, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसतो. तो उणे असतो: उणे ८५ उत्तम, उणे १०० चालेल, उणे ११० च्या पलीकडे फोन ओढाताण करतो आहे असं समजा. यात दहाचा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी किंवा जास्त, त्यामुळे फोन कपाटातून खिडकीत आणणं ही छोटी गोष्ट नाही. घरात पाच-सहा जागी फोन ठेवून आकडा बघा आणि सगळ्यात चांगली जागा त्याची रात्रीची जागा ठरवा. लोखंडी कपाट, स्टीलचा डबा, फ्रिजचा माथा टाळा.

मग दुसरं सिम. त्याची रेंज डळमळीत असेल तर रात्री बंद करा. बंद असताना आलेले मेसेज सिम चालू केल्यावर सहसा येतात, पण ओटीपीची मुदत काही मिनिटांचीच असते. म्हणून बँकेचं काम करण्याआधी सिम चालू करून रेंज येऊ द्या.

मग ५जी. भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि शहरांत चांगलं पसरलं, पण घराच्या आतल्या खोलीत किंवा गावाच्या कडेला ते येतं-जातं. स्क्रीनवर ५जी आणि ४जीची अक्षरं सारखी बदलताना दिसली, तर 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये ४जी निवडा आणि दोन रात्री मोजून बघा. २जीवर मात्र जाऊ नका. जिओचं जाळं २०१६ मध्ये ४जीवरच उभं राहिलं, त्याला २जी किंवा ३जी नाहीच. तो पर्याय निवडला तर सिमला नेटवर्कच मिळणार नाही आणि घरच्यांचे कॉल लागणार नाहीत.

नेट रात्री बंद करायला हरकत नाही. चांगल्या रेंजमध्ये त्यानं थोडं वाचतं. पण दिवसा दर अर्ध्या तासानं नेट चालू-बंद करू नका. चालू करताच साचलेलं सगळं एकदम खाली येतं, आणि हातात आलेला फोन तुम्ही उघडून बघताच.

वायफाय असूनही उतरत असेल तर

'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये 'मोबाइल डेटा ऑलवेज अ‍ॅक्टिव्ह' नावाची कळ असते आणि पुष्कळ फोनमध्ये ती मुळातच चालू असते. वायफाय तुटलं तर क्षणात मोबाइल नेटवर जाता यावं म्हणून ती वायफायवर असतानाही मोबाइल नेट तयार ठेवते. रेंज कमी असलेल्या घरात हा दुहेरी खर्च आहे, बंद करा. (हे पान उघडायला 'अबाउट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करावं लागतं. तिथल्या बाकी कशाला हात लावू नका.)

दुसरी कळ लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये: 'वायफाय स्कॅनिंग'. वायफाय बंद असलं तरी आजूबाजूची वायफाय हुडकत राहायला ती फोनला मोकळीक देते. रात्री घरात तिचा काही उपयोग नाही.

राउटरकडेही बघा. बेडरूमपर्यंत वायफाय जेमतेम पोचत असेल, तर तिथेही तीच ओढाताण. राउटर दोन नावांनी वायफाय देत असेल, तर आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचं वापरा. ते भिंतींतून ५ पेक्षा चांगलं येतं. आणि रात्री लाइट जाण्याचा भाग असेल, तर राउटर बंद पडताच फोन मुकाट्यानं मोबाइल नेटवर सरकतो हे लक्षात ठेवा. वायफायच्या रात्रीचा आकडा अचानक फुगलेला दिसला, तर आधी रात्री लाइट गेले होते का ते विचारा.

आता बॅटरीचा आलेख उघडा. रेघ रात्रभर सारखी उतरत असेल, तर कारण रेंजसारखं सतत चालणारं. एकाच ठिकाणी पायरी दिसत असेल, तर त्या वेळेला कोण जागं झालं ते शोधा. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप रोज रात्री दोनला फोनमध्ये बॅकअप घेतं. गप्पा, फोटो आणि सुप्रभातचे व्हिडिओ साठून गठ्ठा मोठा झाला असेल आणि तो ऑनलाइनही चढवायचा असेल, तर दोनच्या सुमाराची पायरी त्याची असू शकते. ऑनलाइन बॅकअप आठवड्यातून एकदा ठेवा, त्यातून व्हिडिओ वगळा.

शेवटी अ‍ॅपच्या माहितीत 'बॅटरी' उघडून कुणाला 'अनरिस्ट्रिक्टेड' परवानगी आहे ते पाहा. खरेदीच्या आणि गेमच्या अ‍ॅपना तिची गरज नाही. आयफोनवर हेच काम 'बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश' फक्त वायफायवर ठेवून होतं. व्हॉट्सअ‍ॅप, औषधांची आठवण देणारं अ‍ॅप, घरातल्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप यांना रोखू नका. चार टक्के वाचवण्यापायी आजोबांची गोळी चुकायला नको.

घरात रेंज नाहीच, पण वायफाय आहे

अशा घरांसाठी ही सगळ्यात चांगली युक्ती. एअरटेलनं २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओनं २०२० च्या जानेवारीत वायफायवरून साधे कॉल लागण्याची सोय सुरू केली. सिमच्या सेटिंग्जमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा, मग फ्लाइट मोड लावून वायफाय चालू करा. टॉवरचा शोध पूर्ण थांबतो आणि बहुतेक फोनवर नेहमीच्या नंबरवर कॉल येतात. रात्री यावर भिस्त ठेवण्याआधी दिवसा दुसऱ्या फोनवरून कॉल लावून खात्री करा. लाइट जाताच राउटर बंद होऊन कॉलही बंद होतील, म्हणून राउटरला छोटा बॅटरी बॅकअप असेल तरच रात्री हे करा.

प्रवासात

कोकण रेल्वेनं येताना फोन खिशात असूनही चार्जिंग भराभर उतरतं, त्यामागेही हाच शोध असतो. बोगदा आला की रेंज जाते, बाहेर पडलं की नवा टॉवर, पुन्हा बोगदा. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. चिपळूण सुटलं की मी फ्लाइट मोड लावतो आणि संगमेश्वर यायच्या आधी काढतो, म्हणजे न्यायला येणाऱ्याला फोन करता येतो. आईलाही हे दाखवलं आहे. मुंबईला येताना ती आता डब्यातल्या चार्जिंगच्या प्लगसाठी धडपडत नाही.