छोटा ट्रेलर घेऊन लांबच्या गावी घर हलवताय? या चुका टाळा

घर हलवायचं ठरलं की आधी खोकी भरली जातात, आणि गाडीमागे जोडून ओढायच्या ट्रेलरकडे लक्ष जातं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी. तोवर सामान वर चढलेलं असतं, खाली काही उघडून बघायची सोय राहिलेली नसते. पहिली चूक हीच. बागेतला पालापाचोळा नि चार विटा वाहणारा ट्रेलर वर्षभर कुरकुर करत नाही, म्हणून तो हजार किलोमीटरही जाईल असं धरून चालू नका. निदान पंधरा दिवस आधी तो रिकामा असताना बघायला घ्या.

सुरुवात बेअरिंगपासून करा, म्हणजे ज्यावर चाक फिरतं त्या छर्‍यांच्या कड्यापासून. रस्त्यात ट्रेलर थांबवणाऱ्या बिघाडांत मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते, कारण चाक गळून पडेपर्यंत गाडीत बसलेल्याला काही कळतही नाही. ट्रेलरचं चाक गाडीच्या चाकापेक्षा लहान, म्हणजे तेवढ्याच अंतरात ते जास्त फेरे घेतं. त्यात महिनोन्महिने उभं राहून ग्रीसमध्ये पाणी शिरलेलं असतं. चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा. खुळखुळ जाणवली, किंवा फिरवल्यावर खरखर ऐकू आली, तर हब, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो चाकाचा मधला भाग, उघडायलाच हवा. तसं काही नसलं तरी वर्षातून एकदा किंवा सुमारे 20,000 किलोमीटरनंतर जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं भरावं. जुन्यावर नवं थापू नका; दोन वेगळ्या जातींची ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. ग्रीसगनने वाट्टेल तितकं दाबून भरणंही चूकच, कारण मागचं सील फुटतं आणि ब्रेक असतील तर ग्रीस थेट त्यांवर जातं. हबच्या मधोमधचा नट जीव खाऊन आवळला तर नवं बेअरिंगही जळतं.

टायरच्या बाबतीत नक्षी बघून फसायला होतं. नक्षी नव्यासारखी असते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील किंवा बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर लांबच्या प्रवासासाठी टायर बदला. हवाही गाडीच्या अंदाजाने भरू नका. गाडीला 32 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं, ट्रेलरच्या टायरवर मात्र 50 किंवा 65 असा आकडा असू शकतो. कमी हवेचा टायर वजनाखाली सतत दबतो, तापतो आणि फुटतो. हवा टायर थंड असतानाच मोजा. स्टेपनी ट्रेलरचीच हवी, गाडीची बहुधा बसत नाही. नटांना बसणारा पाना आणि ट्रेलरखाली जाईल असा जॅक आहे ना, हे घरीच करून बघा.

आता सामान. जुन्या गाडीवानांचा एक शब्द इथे अगदी चपखल बसतो: उलाळ. मागे वजन जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते, पुढची दांडी वर उचलली जाते. ट्रेलर उलाळ झाला की वेग वाढताच शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही खेचतो. म्हणून साधारण 60 टक्के वजन आसाच्या, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, पुढे ठेवा. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, यावा; 700 किलोचा ट्रेलर असेल तर 70 ते 105 किलो. पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा याहून कमी असेल, तर तीच पाळा. कपाटं, धुलाई यंत्र, पुस्तकांची खोकी तळाशी, आसाच्या किंचित पुढे, गाद्या वर. अंदाजावर विसंबू नका, भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल वजनात बहुधा ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे विसरल्यामुळेच बरेच ट्रेलर नकळत जादा भरले जातात.

तरीही वाटेत झुलू लागलाच, तर ब्रेक दाबू नका, स्टीअरिंगने झटके देऊन सावरायलाही जाऊ नका. स्टीअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. मग सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवा.

दिवे मंद लागत असतील, किंवा इंडिकेटर दिल्यावर भलतेच दिवे लुकलुकत असतील, तर बल्ब बदलत बसू नका. आधी अर्थिंगची वायर सांगाड्याला जिथे जोडलेली आहे तिथला गंज घासून काढा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची बॉलवर बसणारी पकड, नीट बसलाय असं वाटतं आणि तो बॉलवर नुसता टेकलेला असतो. लॉक करून पिन घाला, मग दांडीखाली जॅक लावून थोडं उचला. गाडीचा मागचा भागही उचलला गेला पाहिजे. बॉलचं माप कपलरशी जुळतंच ना, ते आधी वाचा. सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून लावा, वळताना ताणणार नाहीत पण रस्त्याला घासणारही नाहीत इतक्या सैल.

निघाल्यावर पहिले 50 ते 80 किलोमीटर झाले की थांबा. चाकांचे नट पुन्हा आवळा, सामानाचे पट्टे ताणा, कारण हादऱ्यांनी खोकी दबतात आणि पट्टे सैल पडतात. मग हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ न्या आणि हळूच टेकवा. कोमट असणं ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापला असेल किंवा हात ठेववत नसेल, तर तिथून पुढे जाऊ नका.