निळी स्क्रीन आली की लगेच फॉरमॅट? या चुका टाळा

पीसी मस्त चालू असतो आणि मधेच निळी स्क्रीन (नवीन विंडोज ११ मध्ये काळी) येते, टक्के पळतात, मशीन स्वतःच रिस्टार्ट होतं आणि मग दोन दिवस काहीच त्रास नाही. अशा वेळी आपल्याकडे उपाय ठरलेला, फॉरमॅट मार. कॉम्प्युटरवाला पण तेच सांगतो कारण त्याला ते सोपं पडतं. पण रॅमच गेलेली असेल तर नवीन विंडोज पण त्याच रॅमवर चालणार ना, उलट इन्स्टॉल होतानाच फाइली करप्ट व्हायच्या आणि डोक्याला डबल ताप.

पहिलं काम म्हणजे स्क्रीनवरचा स्टॉप कोड (क्रॅश कशामुळे झाला ते सुचवणारं इंग्रजी नाव) वाचणं, जे कोणीच करत नाही. वाचायच्या आत स्क्रीन जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅब, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि त्यातली ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढून टाका. आता स्क्रीन थांबून राहील, मोबाईलवर फोटो काढा. शिवाय प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल सहसा सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाच्या फोल्डरमध्ये पडते, ती ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या छोट्या टूलमध्ये किंवा मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजीमध्ये उघडता येते. आणि इथेच लोक घोळ घालतात, पीसी हळू झाला म्हणून क्लीनर चालवतात आणि त्यात ह्याच फाइली उडतात, म्हणजे पुरावाच गायब!

एका फोटोवरून निकाल लावू नका, तीन-चार क्रॅश शेजारी ठेवून बघा. दरवेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी जोडणारं सॉफ्टवेअर) दिसत असेल तर संशय ड्रायव्हरवर. पण आज मेमरी मॅनेजमेंट, परवा आयआरक्यूएल, नंतर पेज फॉल्ट असा रोज वेगळाच कोड येत असेल तर माझ्या मते आधी रॅम बघायची. डब्ल्यूएचईए वाला कोड असेल तर विषय बहुतेक हार्डवेअरचाच, म्हणजे हीट, व्होल्टेज, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडला पळवणं), नाहीतर प्रोसेसर. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये असाच लोचा होता, २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) अपडेट आले, आणि ते मदरबोर्डच्या बायोसमधून (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डचं सॉफ्टवेअर) मिळतात, तेव्हा तो प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट केलंय का ते आधी बघा, आणि अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही अशी वेळ निवडा किंवा यूपीएस लावा.

रॅम टेस्ट करताना विंडोजचं स्वतःचं टूल एकदा चालवून "नो एरर्स" आलं म्हणून खूश होऊ नका. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं टूल रात्रभर लावा. एक जरी एरर आली तरी आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा स्पीडला चालवणारी सेटिंग) बंद करून परत टेस्ट करा, कारण कित्येकदा रॅम ठीक असते, फक्त ३२०० चा स्पीड त्या बोर्डला झेपत नसतो, खास करून जुन्या ८ जीबीच्या जोडीला दुसऱ्याच कंपनीची ८ जीबी टाकली असेल तर. तरीही एरर येतच असेल तर एकेक स्टिक एकटी लावून बघायची, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे स्टिक खराब की स्लॉट ते कळतं. खोडरबरने पिना घासायचा आपला देशी उपाय कधीकधी चालतो पण पीसी बंद करून, प्लग काढून, आणि हळू हाताने.

ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअरं अजिबात नकोत, चुकीचा ड्रायव्हर घुसवून नवीनच रोग लावतात. ग्राफिक्स कार्डच्या किंवा बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, आणि नवीन अपडेटनंतरच क्रॅश सुरू झाले असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुना ड्रायव्हर परत आणणारं रोल बॅक आहेच. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवणं पण तसलंच. ही सॉफ्टवेअरं विंडोजच्या अगदी आतल्या थरात काम करतात, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख मशीन आडवी केली आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले, आठवतंय ना?

आणि काहीही करा पण एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, ड्रायव्हर, बायोस सगळं एकाच संध्याकाळी बदललं आणि क्रॅश थांबले तर कशामुळे थांबले ते कधीच कळत नाही. काही सुरू करायच्या आधी फोटो-डॉक्युमेंटचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. दुकानात न्यायचीच वेळ आली तर कोडचे फोटो आणि मेमटेस्टचा रिझल्ट सोबत न्या, आणि रॅमच निघाली तर नवीन घ्यायच्या आधी जुनीची वॉरंटी तपासा, बऱ्याच कंपन्या कित्येक वर्षांची देतात आणि बिल फेकून दिलेलं असलं तरी काही वेळा स्टिकवरच्या सिरियल नंबरवर काम होतं.