थंडीत गिअर वाजतो? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा पाच-सहा अंशांवर आला की गॅरेजात एकच तक्रार: पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना कर्रर्र वाजतं, नऊ वाजता आवाज गायब. गाडी चार-पाच किलोमीटर चालल्यावर जाणारा आवाज बहुतेक वेळा ऑइलचा असतो. तरी लोक पहिल्याच दिवशी गिअरबॉक्स खोलायला निघतात.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे मिळेल ते गिअर ऑइल ओतणं. ठरलेला किस्सा असा: गाडीच्या पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९० (ऑइलचा दाटपणा), जीएल-४ (ऑइलची प्रत) लिहिलेलं. दुकानात ट्रकच्या डिफरन्शियलसाठी (चाकांच्या धुरीवरची गिअरपेटी) फोडलेला ८५डब्ल्यू-१४०, जीएल-५ चा डबा. "जाड आहे, चांगलं आहे" म्हणून तोच ओतला. उन्हाळा निभावला, थंडीत दुसरा गिअर ओरडू लागला. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा बदलल्या, सोबत क्लच प्लेटही बदलली, आणि ऑइल त्याच डब्यातलं भरलं! आठवड्यात आवाज परत.

सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागाला घासून वेग जुळवते. त्यासाठी मधलं ऑइल आधी पिळून बाहेर जावं लागतं. गार, दाट ऑइल हलत नाही, वेग जुळत नाही, दात दातांवर आपटतात. त्यात जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त; पितळी रिंगेची पकड आणखी सुटते. लेह-स्पितीला हिवाळ्यात जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: ८५डब्ल्यूची थंडीची मर्यादा उणे १२ अंश, ८०डब्ल्यूची उणे २६, ७५डब्ल्यूची उणे ४०. आकडा पुस्तिकेतलाच धरायचा, मिस्त्रीच्या अंदाजाचा नाही.

ऑइल बदलताना आधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) सैल करा, मगच खालचा ड्रेन प्लग. उलट केलंत आणि फिलर जाम निघाला, की रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसा. ऑइल कोमट असताना काढा, वॉशर नवा घाला. गाडी सपाटीवर ठेवून भोकाच्या काठापर्यंत भरा; छोट्या गाड्यांत साधारण दोन लिटर लागतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा चालतो. दातांचे तुकडे दिसले तर मात्र खोलावंच लागेल.

न्यूट्रलमध्ये घरघर येत असेल तर क्लच दाबून बघा. दाबल्यावर थांबली तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासा. दाबल्यावर सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एवढी दोन मिनिटांची तपासणी न करता क्लच सेट मागवणारे बरेच.

दारात दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्स तापत नाही. निघा, पण पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर हळू घाला, मध्ये न्यूट्रलला क्षणभर थांबून. घाई असलेल्यांनी दहा मिनिटं लवकर उठावं.

रिव्हर्स करकरला तर क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग टाका.

ऑइलमध्ये मिसळायची "आवाज बंद" करणारी बाटली ओतू नका.

सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चुकूनही नाही.